पडवीचे खांब बदलायचे आहेत, छप्पर न उतरवता टेकू कसा द्यावा?

खळ्यातली तुळस

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि समोर घराच्या पूर्ण लांबीची पडवी. पडवी २४ फूट लांब, ८ फूट रुंद, त्यापुढे २ फूट पागोळी. पुढच्या बाजूला पाच लाकडी खांब, त्यांवर आडवी तुळई (दोन तुकड्यांची, जोड मधल्या खांबावर) आणि तुळईवर वासे.

मधला खांब आणि त्याच्या उजवीकडचा, असे दोन खांब बुडाशी वाळवीने पोखरले आहेत. पेचकस टोचला की सहज आत जातो. तुळई मधोमध दीडेक इंच खाली बसली आहे. शिवाय जोत्याची पुढची कड बाहेर सरकते आहे, चिऱ्यांमधली फट दर पावसाळ्यानंतर वाढलेली दिसते. म्हणजे खांबही बदलायचे आणि त्यांच्याखालचं जोतंही नव्याने बांधायचं.

गावातल्या ठेकेदाराचं म्हणणं, "दोन बांबू लावू, खांब काढू, नवा उभा करू, दिवसाभराचं काम आहे." माणूस चांगला आहे, हातात कला आहे. पण आई-बाबांचा अर्धा दिवस त्या पडवीत जातो, शेजारची मुलं तिथेच खेळतात. छप्पर अंगावर आलं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पूर्ण छप्पर उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च मात्र आत्ता झेपणारा नाही. टेकू नेमके कुठे, किती, कसे द्यायचे? कोणी हे काम केलं किंवा करवून घेतलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

चिरेबंदी

ताई, मी इमारतींच्या रचनेचं काम करतो, जुन्या घरांची दुरुस्ती त्यात बरीच असते. बांबू की लोखंडी प्रॉप, हे नंतर ठरवू. आधी वासे बघा. मुख्य घराच्या आढ्यापासून पागोळीपर्यंत वासा एकसंध आला आहे, की पडवीचे वासे वेगळे असून घराच्या भिंतीवर टेकले आहेत? एकसंध असतील तर पडवीच्या खांबांवर मुख्य छपराचाही थोडा भार येतो, आणि पुढची तुळई हलली की ती हालचाल थेट आढ्यापर्यंत जाते. कोकणात दोन्ही प्रकार आहेत. माळ्यावर चढून, बॅटरी मारून पाहा.

वासे वेगळे असतील तर त्यांचं भिंतीकडचं टोक कशावर बसलंय? बहुधा भिंतीवर किंवा भिंतीत एक लांब लाकडी पट्टी असेल. तीही टोचून बघा. पुढचे खांब डोळ्यांसमोर असतात म्हणून त्यांची काळजी होते. मागची पट्टी कुजलेली असेल तर पुढून जरा उचललं की वाशाचं मागचं टोक सुटतं आणि छप्पर भिंतीकडून खाली येतं.

आणि छपराला काय काय बांधलेलं आहे? विजेची वायर, डिशची छत्री, झोपाळा, सगळं सांगा.

खळ्यातली तुळस

वडिलांनी शेजारच्या मुलाला माळ्यावर चढवून बघून घेतलं. पडवीचे वासे वेगळे आहेत, भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेले. पट्टी सागाची आहे म्हणतात, टोचल्यावर घट्ट लागली, फक्त डाव्या टोकाला हातभर नरम आहे. उजव्या टोकाला पडवी वळून घराच्या बाजूला जाते, तिथे कोनवासा (दोन उतार मिळतात त्या कोपऱ्यातला तिरपा वासा) आहे. बाजूच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत. महावितरणची वायर डाव्या कोपऱ्यातल्या खांबाला लावलेल्या पाइपावरून येते. झोपाळा उजवीकडून दुसऱ्या गाळ्यात, तुळईला आणि आतल्या कडीला टांगलेला.

चिरेबंदी

झोपाळा आजच काढा. पोखरलेल्या खांबाशेजारच्या तुळईला झोका बसतोय, हे आत्ताच्या घडीला सगळ्यात वाईट.

आता आकडे मांडू. कौलांचं क्षेत्र २४ गुणिले १०, उतार धरून अंदाजे २७० चौरस फूट. मंगलोरी कौलं चौरस फुटाला दीडच्या आसपास लागतात, म्हणजे ४०० कौलं. एक कोरडं कौल अडीच किलो धरलं तर १,००० किलो. वासे, रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), तुळई मिळून आणखी ३०० धरू. एकूण १,३०० किलो. पागोळी पुढे लोंबते म्हणून अर्ध्याहून जास्त भार पुढच्या तुळईवर येतो, साधारण ८०० किलो. पाच खांबांचे चार गाळे. मधला प्रत्येक खांब एका पूर्ण गाळ्याचा भार घेतो, टोकाचा अर्ध्याचा. म्हणजे मधल्या एका खांबावर सुमारे २०० किलो, सिमेंटच्या चार गोण्या. कौलं भिजलेली असतील, वर माणूस चढला, तर त्यात भर पडते. कोनवाशाखालच्या कोपऱ्यातल्या खांबाला हा हिशोब लागू नाही, तिथे दोन बाजूंचा भार एकत्र येतो.

हे वजन उभं पेलायला जाड बांबूही पुरतो. तुमच्या ठेकेदाराला आजवर अडचण आली नसेल ती यामुळेच. पण असं छप्पर जातं ते आडवं सरकून. वाशांना उतार आहे, त्यामुळे छपराची ओढ सतत बाहेर, खळ्याकडे (अंगणाकडे) असते. जुना खांब वर तुळईत कुसाने (टोकाला कोरलेल्या खुंटीने) अडकलेला, खाली तळखड्यावर (पायाच्या दगडावर) बसलेला, शेजारच्या खांबांशी तुळईने बांधलेला असतो. त्याच्या जागी आलेला टेकू मात्र नुसता उभा असतो. त्याला घमेलं लागलं, पायाखालची माती बसली, वाऱ्याचा झोत आला, की तो तिरका होतो, आणि तिरका झालेला टेकू काहीच पेलत नाही. टेकू किती जाड घेता यापेक्षा तो हलू नये म्हणून काय करता, यावर सगळं ठरणार आहे. वजनाच्या आकड्याने निर्धास्त होऊ नका आणि घाबरूही नका.

वाकस

राजापूरकडचा सुतार आहे, वडील आणि आजोबाही हेच करायचे. चिरेबंदी दादांचं बरोबर आहे. आम्ही कसं करतो ते सांगतो.

खांबाला टेकू देत नाही आणि नुसता तुळईलाही देत नाही. तुळईच्या आतल्या बाजूला, दीड-दोन फुटांवर, वाशांच्या खाली दुसरी तात्पुरती तुळई धरतो. जाड चौकोनी लाकूड, निदान तीन गाळे पुरेल एवढं लांब. तिच्याखाली दर चार-पाच फुटांवर टेकू. वासे कधी एका पातळीत नसतात, एखादा वर असतो, एखादा खाली, म्हणून प्रत्येक वासा आणि नवी तुळई यांच्यामध्ये लाकडाच्या चिपा ठोकायच्या. सगळे वासे तुळईवर बसले पाहिजेत. दोन वाशांनी सगळा भार घेतला तर तेच दोन मोडतात.

टेकूच्या पायाखाली नुसती फरशी नको, शेणाची जमीन तर नकोच. दोन इंची जाड फळी, निदान दीड-दोन फूट लांब, आणि ती जमिनीवर पूर्ण टेकलेली. फळी आणि टेकू यांच्यामध्ये समोरासमोरून दोन पाचरी. एकच पाचर ठोकली तर टेकू एका बाजूला कलतो. दोन पाचरी दोन्हीकडून हळूहळू ठोकल्या की सरळ वर उचलतो. शेवटी पाचरींना आडवा खिळा, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. प्रत्येक टेकू ओळंब्यात.

मग कैची. टेकूंच्या ओळीला दोन दिशांना तिरप्या पट्ट्या, आणि टेकूच्या डोक्यापासून घराच्या भिंतीपर्यंत आडवे बांध. हे भिंतीकडचे बांध लोक हमखास गाळतात, सगळी बाहेरची ओढ तेच धरतात.

आणि खांब एका वेळी एकच. पहिला बसला, पाचरी सैल करून भार त्याच्यावर आला, एक रात्र गेली, मग दुसऱ्याला हात. तुमचे दोन्ही वाईट खांब शेजारी-शेजारी आहेत, म्हणून तर जास्तच जपायचं.

सह्याद्रीचा वारा

मी घरचं काम करवून घेतलं आहे, दापोलीजवळ. माझा प्रश्न, कौलं उतरवायची की नाही? आमच्याकडे त्या गाळ्यांतली सगळी कौलं उतरवली होती. सुताराला मोकळं काम करता आलं, आणि चुकून काही झालंच तर डोक्यावर कौलं पडली नसती. ४०० कौलं उतरवून रचून ठेवणं म्हणजे पूर्ण छप्पर उतरवणं नव्हे. वासे-रिपा जागच्या जागी राहतात.

चिरेबंदी

उतरवा. १,३०० मधले १,००० किलो नुसती कौलं आहेत, ती खाली आली की उरतं ते लाकूड. मजुरी थोडी वाढेल, पण जोखीम जितकी कमी होते तितकी दुसऱ्या कशानेच होत नाही. ताई, तुम्हाला खर्च वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा.

मात्र अर्धवट उतरवू नका. कौलं वरून खाली उतरवतात, कारण वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं. काही लोक खालच्या दोन ओळी मधूनच ओढून काढतात आणि वरच्या ठेवतात. तशा उघड्या तोंडातून वारा आत शिरतो आणि वरची कौलं उचकटतो. काढायची तर त्या गाळ्याची भिंतीपर्यंत सगळी काढा. उतरवलेली कौलं पडवीत रचू नका, जोत्यावर पुन्हा तेच वजन येईल. खळ्याच्या लांबच्या कडेला, उभी, एकावर एक नको.

वाकस

हातमोजे घाला कौलं काढताना. विंचू असतोच, आणि आपल्या पट्ट्यात फुरसं. कौल उचलायच्या आधी काठीने वाजवायचं. चावलं-डसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

मांडवी किनारा

मी गोव्याचा, डिचोली. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या बाल्कांवाला (दारापुढच्या बैठकीच्या व्हरांड्याला) हाच प्रश्न येतो, फक्त तिथे खांब बहुतेक जांभ्याचे, वर गिलावा. पुढे दोन खांब, दोन बाजूंना सोपो (बांधीव बाक), आणि वर तीन उतारांचं छोटं छप्पर. त्यामुळे दोन कोनवासे आणि दोन्ही खांबांवर सगळा भार एकवटलेला. अशा ठिकाणी वाशांखाली एका दिशेने तुळई धरून भागत नाही. कोनवाशाखाली स्वतंत्र टेकू, आणि त्याला दोन्ही दिशांना तिरपे आधार. खळ्यातली तुळस, तुमचा उजवा कोपरा तसाच आहे. खांब चांगला असला तरी शेजारच्याला हात लावण्याआधी कोपऱ्याला टेकू द्या. आणि जांभ्याचा खांब असेल तर त्यावर हातोडा चालवण्याआधी गिलावा काढून आतले सांधे बघावे. जुन्या बांधकामात मातीचा गारा असतो, वरचा भार गेला की चिरे मोकळे होतात.

सातासमुद्रा

इथे ओहायोत आमच्या जुन्या घराचा पुढचा पोर्च पाडून नवा केला, म्हणून लिहिते. इकडची घरं लाकडी, पोर्चचं छप्परही लाकडी, पण चूक कुठे होते ती जागा तीच. छपराचे खांब पोर्चच्या लाकडी जमिनीच्या कडेवर उभे असतात. जमीन कुजली म्हणून लोक ती उखडायला लागतात, आणि जमिनीसोबत खांबांचा पाय जातो. आमच्या कंत्राटदाराने तात्पुरते टेकू पोर्चच्या जमिनीवर न ठेवता थेट खालच्या मातीवर, जाड फळ्यांवर, पाडायच्या भागाच्या बाहेर उभे केले. जे तोडायचंय त्यावर टेकू उभा करायचा नाही, हे तुमच्या जोत्यालाही लागू आहे ना?

इकडे कोणी करणार असेल तर शहराचा परवाना आधी घ्या, खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या वायरी-नळ दाखवून देणारी इकडची सेवा) फोन करा, आणि घर १९७८ पूर्वीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका.

चिरेबंदी

सातासमुद्रा, अगदी बरोबर, तुळसताईंच्या कामातली खरी अडचण हीच आहे. वाकस यांनी सांगितलेली जागा, खांबापासून दीड-दोन फूट आत, नुसता खांब बदलायचा असता तर चोख होती. पण जोत्याची कड खणायची आहे. समजा दोन फूट खोल खणलं, तर खड्ड्याच्या काठापासून निदान तेवढंच अंतर सोडून टेकूचा पाय हवा, नाहीतर भरावाची माती टेकूसकट खड्ड्यात सरकेल. म्हणजे आतली ओळ खांबांपासून साडेतीन-चार फूट मागे जाते. तिथे टेकवलं तर वाशांचा पुढचा भाग, पागोळी धरून, सहा फूट अधांतरी राहतो. जुने वासे हे सहन करतीलच असं नाही.

म्हणून टेकूंच्या दोन ओळी करा. एक आत, एक बाहेर खळ्यात, दोन्हींच्या मध्ये जोत्याचं खणकाम. बाहेरच्या ओळीची तुळई पागोळीच्या वाशांखाली येईल, पुढच्या तुळईपासून फूट-दीड फूट पुढे. खड्ड्यापासूनचं अंतर तिथेही पाळायचं, म्हणून बाहेरचे टेकू सरळ उभे न येता पाय थोडे पुढे घेऊन तिरके द्यावे लागतील. तिरक्या टेकूचा पाय घसरतो, त्यामुळे पायामागे खुंट मारून त्याला अडवा. हे तिरके टेकू छपराची बाहेरची ओढही रोखतात.

आणि जोतंही गाळ्यागाळ्याने. २४ फूट लांबीची कड एकदम उघडी करू नका. चार-पाच फुटांचा तुकडा खणायचा, बांधायचा, मग पुढचा, मध्ये एक तुकडा सोडून.

कृष्णाकाठ

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. कऱ्हाडला आमचा बंगला, ४० वर्षांपूर्वीचा. गाडीच्या पोर्चचा आरसीसी स्लॅब खालून फुगलाय, तुकडे पडतात, सळया दिसतात. तो पाडायचा विचार आहे. त्यालाही असेच टेकू का?

चिरेबंदी

पुढे कॉलम आहेत की स्लॅब नुसता भिंतीतून बाहेर आलाय? कॉलम असतील तर स्लॅबखाली आणि बीमखाली प्रॉप. पण नुसता बाहेर आलेला असेल तर त्याच्या मुख्य सळया वरच्या थरात, भिंतीजवळ असतात. खालून दिसतात त्या दुय्यम. अशा स्लॅबखाली प्रॉप लावताना तो फक्त टेकेल इतकाच आवळायचा. पुढच्या टोकाला जोर लावून वर ढकललं तर खालच्या बाजूला ताण येतो आणि तिथे तो घ्यायला सळई नाही. पाडताना सुरुवात बाहेरच्या कडेपासून, पट्ट्या पट्ट्यांनी भिंतीकडे, आणि प्रॉप शेवटपर्यंत. भिंतीजवळ आधी फोडलं की अख्खा स्लॅब एकदम खाली येतो, खालच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. पाडकामाच्या सुरक्षेसाठी आयएस ४१३० हे स्वतंत्र भारतीय मानक आहे, तुमच्या इंजिनिअरला त्याप्रमाणे क्रम लिहून मागा.

प्रॉप लावण्याआधी पोर्चखाली पाण्याची टाकी आहे का ते बघा, आपल्याकडे बंगल्यांत ती नेमकी तिथेच असते. टाकीच्या झाकणावर किंवा छतावर प्रॉपचा पाय देऊ नका. लोखंडी प्रॉप जितका लांब सोडाल तितकी त्याची ताकद कमी, आणि त्याच्या भोकात त्याचीच पिन हवी. साइटवर सळईचा तुकडा घालतात, तो वाकतो.

नवा स्लॅब टाकलात तर टेकू काढायची घाई नको. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, बीमचे सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. हे किमान दिवस. भिंतीतून बाहेर काढलेल्या स्लॅबला मी पूर्ण २८ दिवस थांबायला सांगतो.

कृष्णाकाठ

कॉलम नाहीत, नुसता बाहेर आलेला आहे. आणि मिस्त्री भिंतीजवळूनच फोडायला सुरुवात करणार होता, कारण "तिथून सुटला की काम सोपं". आजच थांबवतो. मनापासून आभार.

खळ्यातली तुळस

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून ठेकेदारासमोर ठेवली. आधी त्याला वाटलं मी त्याच्यावर अविश्वास दाखवतेय. बाबांनीच समजावलं. मग त्यानेच सांगितलं की भिंतीकडच्या बांधाची गोष्ट त्याच्या वडिलांच्या वेळी करायचे, हल्ली घाईत सुटते. आता तो आणि त्याचा सुतार दोघे मिळून दोन ओळींचा बेत करत आहेत. टेकूंना निलगिरीच्या बल्ल्या आणि तुळईला जुन्या गोठ्याचं किंजळीचं लाकूड आहे, ते टोचून बघितलं, उत्तम आहे.

दोन शंका. खाली बसलेली तुळई जॅक लावून सरळ करून घ्यावी का? आणि काम मेमध्ये करायचं म्हणतात, मजूर तेव्हा मोकळे असतात.

वाकस

दीड इंच ती एका दिवसात बसलेली नाही, एका दिवसात वर आणू नका. वासे, खिळे, भिंतीतली पट्टी सगळी त्या आकाराला सरावलेली असतात. जुना खांब मोकळा होण्यापुरतं, एखादं सूत (इंचाचा आठवा भाग) उचलायचं. वर आणायचंच असेल तर रोज एक सूत, आणि उचलून झाल्यावर कान देऊन बसायचं. लाकूड कुरकुरलं तर थांबा, कडकन वाजलं तर पाचरी पुन्हा सैल करून आधी काय तुटलं ते शोधा. माझं मत विचाराल तर अर्धा इंच सुधारा, उरलेला राहू द्या.

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. उचललं की लगेच शेजारी ठोकळे आणि पाचर, मग जॅक काढा. जॅकवर छप्पर ठेवून जेवायला जाऊ नये.

सह्याद्रीचा वारा

मेमध्ये नको, हात जोडून सांगतो. वळवाचा वारा संध्याकाळी अचानक येतो आणि त्या वेळी खांब निघालेला असेल तर छप्पर खालून उचललं जातं. टेकू वजन पेलतात, वर जाणाऱ्या छपराला धरून ठेवत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीत कौलं पानांसारखी उडाली, काही पडव्या खांबांसकट निघाल्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरका. मजूर मिळत नसतील तर दिवाळीनंतर करा, तोवर नुसते टेकू देऊन ठेवा. टेकू तोवर राहिले तरी काही बिघडत नाही, फक्त पावसाळ्याआधी आणि पावसात पाचरी तपासत राहा. लाकूड भिजतं-सुकतं तशा त्या सैल होतात.

चिरेबंदी

पूर्ण सहमत. त्यात एवढंच घाला की तात्पुरती तुळई टेकूंना आणि वासे तुळईला तारेने किंवा लोखंडी पट्टीने बांधा. नव्या खांबालाही तेच, वर तुळईशी आणि खाली दगडाशी लोखंडी पट्टी-बोल्टने जोड. जुन्या घरांत हे नसतं, छपराच्या वजनावरच भागलेलं असतं.

काम सुरू होण्याआधी महावितरणला कळवून ती वायर डाव्या खांबावरून तात्पुरती दुसरीकडे घ्या. ये-जा मागच्या दाराने. बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यांवर कोणीही पाय देऊ नये, ते वरून घट्ट दिसतात आणि माणूस आरपार खाली जातो. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, काढावे लागले तर ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवा, फोडू नका.

खळ्यातली तुळस

काम सुरू आहे, मार्चमध्येच घेतलं. कौलं उतरली, दोन्ही ओळी उभ्या आहेत. मधला खांब मोकळा केल्यावर एक नवीनच दिसलं. तुळईच्या दोन तुकड्यांची जोड त्या खांबावर होती ना, तिथे दोन्ही टोकं आतून पोकळ आहेत. प्रत्येकी वीतभर. वरून रंग होता म्हणून कळलं नाही. अख्खी तुळई बदलायला लागेल का? सगळे थांबलेत.

वाकस

थांबलात हे चांगलं केलंत. टोकंच गेली असतील आणि पुढे लाकूड खणखणीत वाजत असेल तर तुळई वाचते. पोकळ भाग कापून टाका, मध्ये नवा तुकडा घाला, दोन्हीकडे अर्ध्याला अर्धा जोड, प्रत्येक जोडीला दोन आरपार बोल्ट. आणि नव्या खांबाच्या डोक्यावर आडवी लाकडी उशी द्या, दोन-अडीच फूट लांब, म्हणजे दोन्ही जोड तिच्यावर विसावतील. नुसत्या खांबाच्या माथ्यावर जोड ठेवायला जागा पुरत नाही, पाणी पण तिथेच मुरतं.

खांब कुठल्या लाकडाचा घेताय? ऐन, किंजळ, फणस, काहीही चालेल पण सुकलेलं. ओलं लाकूड बसवलं तर सुकताना पीळ खातं आणि कूस सैल पडतं. जुन्या मोडलेल्या घराचं लाकूड मिळालं तर तेच घ्या. आणि दुसरा खांब वर चांगला असेल तर पूर्ण बदलू नका. बुडाचा पोखरलेला भाग कापा आणि तेवढ्या उंचीचा काळ्या दगडाचा तळखडा खाली घ्या. खांब आखूड झाला तरी उंची तीच राहते, शिवाय जमिनीची ओल पुन्हा लाकडाला लागत नाही.

चिरेबंदी

वाकस यांचा तळखड्याचा उपाय दोन्ही खांबांना करा. लाकडाचं बूड सिमेंटमध्ये गाडू नका, सिमेंट ओल धरून ठेवतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही. दगड फरशीपेक्षा निदान सहा इंच वर, माथ्याला किंचित बाहेर उतार, लाकूड आणि दगड यांच्यामध्ये डांबरी कागद. वाळवीचं औषध जोत्याच्या आतल्या कडेने फूटभर अंतरावर भोकं पाडून सोडतात, पण तुमची विहीर जवळ असेल तर ते काम करणाऱ्याला आधी दाखवा, औषध पाण्यात उतरता कामा नये.

खळ्यातली तुळस

तुळईचा तुकडा बसला, दोन्ही बोल्ट-जोड उशीवर आहेत. दुसरा खांब वरून चांगला निघाला, फक्त बूड कापलं. जोत्याचे तीन तुकडे बांधून झाले, चिरे सिमेंटच्या मालात. विहीर खळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, औषधवाल्याला ती दाखवून मगच वेळ ठरवली आहे. आता ठेकेदार विचारतोय की नव्या जोत्यावर खांबाचा भार कधी द्यायचा आणि टेकू कोणत्या क्रमाने काढायचे.

चिरेबंदी

जोत्याला ७ दिवस पाणी मारा, गोणपाट टाकून, मार्चच्या उन्हात दिवसातून तीन वेळा. भार द्यायला १४ दिवस थांबा. मग बाहेरच्या ओळीच्या पाचरी सैल करा, सगळ्या थोड्या थोड्या, एका टेकूच्या पूर्ण काढून दुसऱ्याच्या घट्ट असं नको. नंतर आतली ओळ तशीच. पाचरी एखादं सूत सैल ठेवून टेकू जागेवरच राहू द्या आणि खांबाच्या शेजारी तुळईवर पेन्सिलने खूण करून ओळंबा लावा. दोन-तीन दिवस खूण हलली नाही तर कौलं चढवा, पागोळीकडून वर, सगळ्या गाळ्यांत सारखी चढत जातील अशी. कौलांचा पूर्ण भार आल्यावर पुन्हा खूण बघा. त्यानंतर टेकू काढा, आधी बाहेरचे, मग आतले. भिंतीकडचे बांध सगळ्यात शेवटी, आणि कोनवाशाखालचा टेकू त्यांच्यासोबत.